वसमतमध्ये स्वर किती?

स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास भेटतो: एकही स्वर नसलेला इंग्रजी शब्द सांगा. अपेक्षित उत्तर असतं 'रिदम'. आर, एच, वाय, टी, एच, एम. ए, ई, आय, ओ, यू या पाचांपैकी एकही नाही. मागोमाग 'मिथ', 'जिम', 'फ्लाय', 'स्काय', 'ड्राय', 'व्हाय' अशी रांगच लागते आणि पोरं ती पाठ करतात.

प्रश्न विचारणाऱ्याने इथे थोडी लबाडी केलेली असते. 'रिदम' मोठ्याने म्हणून बघा. 'रि'मध्ये इ ऐकू येते, 'दम'मध्ये अ. स्वर नसता तर शब्द तोंडातून निघालाच नसता. नाहीत ती फक्त पाच ठरावीक अक्षरं. आपल्याकडे स्वर म्हणजे आवाज. इंग्रजीच्या वर्गात तेच नाव अक्षरांना चिकटलं आणि घोळ तिथून सुरू झाला. प्रमाण ब्रिटिश उच्चारात 20च्या आसपास स्वरध्वनी आहेत आणि ते लिहायला अक्षरं पाच. ती पुरणार कशी? व्याकरणाच्या पेपरात 'एमएलए'च्या आधी 'ॲन' लागतं तेही याचमुळे: एम हे अक्षर व्यंजनाचं असलं तरी त्याच्या नावाचा उच्चार 'ए'ने सुरू होतो. ज्याला हे उमगलं, त्याच्या दृष्टीने 'रिदम'च्या कोड्यात राम उरत नाही.

सारी करामत आहे वायची. ग्रीक भाषेत उप्सिलॉन नावाचं स्वराचं अक्षर होतं. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ग्रीक शब्द लिहिण्यासाठी ते आपल्या वर्णमालेत घेतलं आणि शेवटी नेऊन बसवलं. फ्रेंच लोक वायला आजही 'ग्रीक आय' याच अर्थाच्या नावाने ओळखतात. रिदम, मिथ, हिम म्हणजे स्तोत्र, निंफ म्हणजे अप्सरा, क्रिप्ट, लिंक्स, हे सगळे मूळचे ग्रीक घराण्यातले शब्द. 'सिझिजी'ही त्यातलाच: सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येणं. भरती-ओहोटीच्या धड्यात आपण युती आणि प्रतियुती शिकतो, त्या दोन्हींना मिळून हे एक नाव. त्यात एस, वाय, झेड, वाय, जी, वाय असे तीन वाय आहेत आणि तिन्ही स्वराचंच काम करतात.

'फ्लाय', 'ड्राय' यांची गोष्ट निराळी. ते अस्सल इंग्रजी शब्द आहेत. इंग्रजी लिहिणाऱ्यांना शब्दाच्या शेवटी उघडा आय सहसा खपत नाही, म्हणून तिथे वाय बसवला. पुढे प्रत्यय लागला की वायची गरज संपते आणि खरा मालक परत येतो: फ्लायचं अनेकवचन 'फ्लाइज' लिहिताना एफ, एल, आय, ई, एस. ज्या मुलाने 'वाय काढा, आय घाला, ई-एस लावा' हा नियम घोकला आहे, त्याने हा सगळा इतिहास नकळत पाठ केलेला असतो.

वायसुद्धा नाही असे शब्द आहेत का? आहेत. इंग्रजी कोशात 'कूम' असा एक शब्द आहे, स्पेलिंग सी, डब्ल्यू, एम. तो वेल्श भाषेतून आला. वेल्शमध्ये डब्ल्यू हा उ किंवा ऊ असा स्वर आहे. डोंगरकड्यांनी तीन बाजूंनी वेढलेली, हिमनदीने कोरलेली खोलगट जागा म्हणजे कूम. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं हिमगव्हर. एव्हरेस्टच्या वाटेवर खुंबूच्या हिमप्रपातानंतर जी प्रशस्त दरी लागते, तिला जॉर्ज मॅलरीने 1921च्या मोहिमेत 'वेस्टर्न कूम' हे नाव दिलं. वेल्सच्या डोंगरांत तो गिर्यारोहण करत असे. तिथला शब्द त्याने हिमालयात नेऊन ठेवला.

मात्र 'रिदम'मध्ये अजून एक गंमत उरतेच. पहिल्या 'रि'चा हिशोब वायने चुकता केला. दुसऱ्या 'दम'चा कोणी केला? तिथे खरोखर कोणतंच अक्षर नाही. बरेच इंग्रज तो तुकडा नुसत्या म्-वर तोलून धरतात. 'बॉटल'मधला शेवटचा ल तसाच. त्यापुढचा ई नावालाच उभा असतो. व्यंजनाने स्वराची जागा घ्यायची ही रीत आपल्याला परकी नाही. संस्कृतातले ऋ आणि ऌ हे स्वर म्हणजे लांबवलेले र् आणि ल् असेच होते. तो उच्चार पुढे विसरला गेला, म्हणून मराठी माणूस 'क्रुष्ण' म्हणतो, हिंदीभाषक 'क्रिष्ण' म्हणतो आणि दोघेही लिहितात मात्र 'कृष्ण'. ऌ तर रोजच्या मराठीत 'क्लृप्ती' या एका शब्दापुरता राहिला आहे, तोही बहुतेक जण ल-ला ऋकार देऊन भागवतात. चेक भाषेत मात्र ही रीत जोमात आहे. 'घशातून बोट घाल' अशा अर्थाचं एक वाक्य तिथली मुलं जीभ वळवण्यासाठी म्हणतात आणि त्यात एकही स्वर नाही. रोमन लिपीत ते भीतिदायक दिसतं. आपल्या लिपीत लिहा: स्तृच् पृस्त् स्कृझ् कृक्. ऋकार हाताशी असल्यामुळे देवनागरीत ते लगेच वाचता येतं.

आता घरच्या मैदानावर येऊ.

हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. पहिलीतल्या मुलाला जिल्ह्याचं नाव फोडून लिहायला सांगा. ह-ला पहिली वेलांटी, वर अनुस्वार, हिं. ग-ला काना आणि एक मात्रा, गो. ल-ला दुसरी वेलांटी, ली. मग हळदीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं वसमत सांगा. व, स, म, त. संपलं. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, उकार नाही. परीक्षेतला प्रश्न मराठीत विचारायचा झाला तर वसमत हे आपलं 'रिदम' ठरेल. आणि मराठी मुलाचं वाचन तर अशाच शब्दांपासून सुरू होतं: घर, कमळ, बदक, मगर. जो शब्द इंग्रजीत अजब म्हणून कोड्यात घालतात, त्या जातीचे शब्द आपल्या अंकलिपीच्या पहिल्या पानांवर असतात.

अर्थात वसमतमध्येही स्वर आहेत. प्रत्येक व्यंजनाच्या पोटात अ गृहीत धरलेला आहे. तो लिहायचा नाही असा देवनागरीचा करार आहे. पण हा करार दिसतो तितका साधा नाही. लिपीच्या हिशोबाने वसमतमध्ये चार अ आहेत. बोलताना आपण म्हणतो वस्-मत्, म्हणजे दोनच. उरलेले दोन अ आपण लिहीत तर नाहीच, उच्चारतही नाही, आणि तरी 'वस्मत्' असं कोणी लिहिलं तर ते चूक ठरवतो. कोणता अ म्हणायचा आणि कोणता गिळायचा हे कोणत्या शाळेत शिकवतात? कुठल्याच नाही. शब्दाच्या शेवटचा अ गळतो, मधला अ पुढे स्वर असला की गळतो, एवढं ढोबळमानाने सांगता येईल. पण मराठी मूल हे कानाने शिकून आलेलं असतं. म्हणूनच परभणी वाचताना 'पर्भणी' होतं आणि कळमनुरी वाचताना 'कळम्नुरी', कोणी न सांगता.

याचा साक्षीदार गमतीचा आहे: रोमन लिपी. परभणीचं इंग्रजी स्पेलिंग पाहा. पी, ए, आर आणि लगेच बी, एच. र-च्या पुढे ए नाही. कळमनुरीत एम-ला लागून एन. लिहिणाऱ्याने देवनागरीतली अक्षरं मोजली नाहीत, ऐकलं तसं उतरवलं; आणि आपली लिपी जे सांगत नाही ते त्यात टिपलं गेलं. ळ मात्र त्यात वाहून गेला. त्याला रोमनमध्ये वेगळी जागाच नाही.

आपण स्वराला किती घट्ट धरून असतो हे पाहायचं तर दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. इंग्रजीत कंपनीच्या नावापुढे पी, व्ही, टी आणि एल, टी, डी लिहितात, निवळ व्यंजनं. त्याच पाटीवर मराठीत 'प्रा. लि.' येतं. डॉक्टरचं इंग्रजी संक्षिप्त रूप डी आणि आर, मराठी रूप 'डॉ.'. के, एम-चं 'किमी' होतं. पत्त्यावर मु. पो., ता., जि. आणि लेखकांत पु. ल. इंग्रजी शब्द कापताना स्वर आधी टाकला जातो, मराठी कापताना तो टिकतो. कारण आपल्या लेखनाचा तुकडा म्हणजे अख्खं अक्षर: व्यंजन आणि त्याला जडलेला स्वर. 'मुक्काम'चं 'म.' करायचं मनातच येत नाही. म्हणूनच रेल्वेच्या स्थानकांचे संकेत आपल्याला सांकेतिक भाषेसारखे वाटतात. हिंगोली डेक्कन म्हणजे एच, एन, एल. परभणी पी, बी, एन. वाशीम डब्ल्यू, एच, एम. पूर्णेला मात्र पी, ए, यू असा संकेत मिळाला, तेव्हा रेल्वेचा नियमही काही एकसारखा नाही.

मोबाइल आल्यावर इंग्रजीतली ही कापाकापी घराघरांत पोचली. एका एसएमएसात 160 अक्षरांची मर्यादा होती आणि बोटांना घाई. प्लीज, थँक्स, मेसेज, टुमॉरो यांतले स्वर आधी गेले, तरी वाचणाऱ्याचं काही अडलं नाही. कंपन्यांनीही हात धुऊन घेतले: 2004 साली आलेल्या 'फ्लिकर'च्या शेवटी ई नाही, 2007च्या 'टम्बलर'च्या शेवटीही नाही, आणि 2006 साली जॅक डॉर्सीने पहिला ट्वीट टाकला तेव्हा त्याने 'ट्विटर' हे नाव टी, डब्ल्यू, टी, टी, आर असं पाच व्यंजनांत लिहिलं होतं.

मराठी माणूस रोमन अक्षरांत मराठी टाइप करू लागला तेव्हा काय झालं? 'करतो'साठी के, आर, टी, ओ. 'नको'साठी एन, के, ओ. 'म्हणजे'साठी एम, एच, एन, जे, ई. नीट पाहा. ओ आणि ई जागेवर आहेत, गेला आहे तो फक्त अ. म्हणजे देवनागरीत जो स्वर लिहायची सवयच नाही, तोच रोमनमध्येही गळला. लोक याला भाषेची मोडतोड म्हणतात. मला तरी त्यात अंकलिपीचा जुना करारच दिसतो, फक्त लिपी बदललेली.

देवनागरी एक स्वर गाळते. या जिल्ह्याने तीन स्वर गाळणारी लिपीही पाहिली आहे. 1948च्या सप्टेंबरपर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तिथे 1880च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून होतं. उर्दूची लिपी फारसीवरून आणि फारसीची अरबीवरून आली. या लिपीत आ, ई, ऊ असे लांब स्वर लिहितात. अ, इ, उ हे आखूड स्वर दाखवायला जबर, जेर आणि पेश अशा खुणा आहेत, पण रोजच्या लिखाणात त्या कोणी देत नाही. हिंगोली उर्दूत लिहिताना हे, नून, गाफ, वाव, लाम, ये. पहिली इ नाहीच. वाव हा व, ऊ, ओ किंवा औ काहीही असू शकतो. गाव माहीत नसलेल्या माणसाने हंगोली, हुंगूली वाचलं तर लिपीकडून त्याला कोणी हटकणार नाही. आणि वसमत, ज्याचं त्या काळचं रूप बसमत: बे, सीन, मीम, ते. चार अक्षरं, चारही व्यंजनं. देवनागरीत चार आणि उर्दूतही चार. फरक इतकाच की देवनागरीत न लिहिलेला स्वर अ-च असतो आणि उर्दूत तो अ, इ, उ यांपैकी कोणताही, किंवा कोणताच नाही.

याहून अडचणीचं उदाहरण म्हणजे 'इस' आणि 'उस'. दोन्ही शब्द अलिफ आणि सीन अशा एकाच जोडीने लिहिले जातात. 'इस जमीन' की 'उस जमीन', हे आजूबाजूच्या मजकुरावरूनच ठरवायचं.

मग अरबांनी अशी लिपी चालवलीच कशी? त्यांच्या भाषेला ती नेमकी बसते. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. अर्थाचा गाभा व्यंजनांत आणि रूपाचा फेरफार स्वरांत. ह, क, म हा सांगाडा घ्या: हुकूम, हाकीम, हुकूमत, महकमा. सरकारदरबारचे हे सगळे शब्द मराठवाड्याला ओळखीचे आहेत. अरबी जाणणारा वाचक सांगाडा आणि वाक्यातली जागा पाहून स्वर भरतो. हिब्रूतही तसंच. तिथे देवाचं नाव चार व्यंजनांत लिहितात. ते मोठ्याने उच्चारायची बंदी शतकानुशतकं पाळली गेल्यामुळे मधले मूळ स्वर कोणते, यावर आज विद्वानांना तर्कच करावा लागतो. उलट ग्रीकांची भाषा अशी सांगाड्यावर उभी नव्हती. फिनिशियन व्यापाऱ्यांकडून त्यांनी लिपी घेतली तेव्हा आपल्याला नको असलेली काही व्यंजनाक्षरं स्वरांसाठी वापरली. रोमनचे ए, ई, आय, ओ तिथूनच आले. मराठी किंवा उर्दू याही सांगाड्याच्या भाषा नाहीत. अरबीसाठी शिवलेला अंगरखा त्यांना घातला की कुठेतरी ओढणारच.

उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांनी तर काना-मात्राही झुगारल्या. महाजनी आणि पंजाबकडच्या लंडा लिप्यांत वही लिहिताना स्वरांच्या खुणा बहुधा गाळत. त्यावरचा किस्सा हिंदी मुलखात घरोघर सांगतात: पेढीवरून पत्र आलं की काका अजमेर गए, घरच्यांनी वाचलं, काका आज मर गए, आणि रडारड सुरू झाली. किस्सा रचलेला असेल, पण अक्षरं जुळवून पाहा, तो बिनचूक बसतो. आपल्या दफ्तरांतली मोडी इतकी बेफिकीर नव्हती. तिने ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडला, शब्दांमधली जागा सोडली, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार ठेवले. मोडी वाचताना घाम फुटतो तो अक्षरांच्या वळणांमुळे. स्वर शोधावे लागतात म्हणून नव्हे.

लंडा लिपीचा धागा पुन्हा याच जिल्ह्यात येतो. हिंगोलीजवळचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केलं ते औंढा नागनाथला, अशी परंपरा आहे. नामदेव पुढे पंजाबात गेले, गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं. 1604 साली गुरू अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची 61 पदं आहेत. ती ज्या गुरुमुखी लिपीत उतरली, तिला घडवण्याचं श्रेय दुसरे गुरू अंगददेव यांना देतात. गुरुमुखीत लंडाची वळणं ओळखू येतात, पण स्वरांच्या खुणा पुऱ्या आहेत. हिशोबाच्या वहीत स्वर गाळला तर मुनीम सांभाळून घेतो; गुरूच्या वाणीत वेलांटी चुकून चालत नाही. कुराणाच्या छापील प्रतींतही जबर-जेर-पेश एकूणएक दिलेले असतात, आणि त्याच लिपीतल्या वर्तमानपत्रात एकही नसतो. नर्सीच्या माणसाची पदं आणखी अडीचशे वर्षं आधी कोणी लंडात टिपून ठेवली असती, तर त्यांतला मराठी वळणाचा एखादा शब्द पंजाबात कसा वाचला गेला असता, याचा विचार करून पाहावा.

वाचक आणि लेखक एका गावचे, एका काळाचे असतात तोवर गाळलेले स्वर कोणाला त्रास देत नाहीत. तलाठी गेला, त्याच्या हाताखालचा गेला, राज्य बदललं, शाळेतून उर्दू गेली, की तीच नोंद कोडं बनते. 2023च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळच्या महसुली व इतर कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली.

ते काय पाहतात हे जरा जवळून बघू. कुनबी हा शब्द उर्दूत काफ, नून, बे, ये असा आहे. क-चा उ लिहिलेला नाही. त्यामुळे कनबी, किनबी, कुनबी, तिन्ही वाचनं लिपीला मान्य. शेवटच्या ये-ऐवजी हे आलं तर शब्द 'कुनबा' होतो, म्हणजे कुटुंब. त्यात दफ्तरांत चालणारी शिकस्ता ही धावती लेखनपद्धत. तिच्यात नुक्तेही सर्रास सुटतात. शब्दाच्या मध्ये आलेले नून आणि बे यांचा आकार एकच, रेघेवरचा एक छोटा दात; नूनचा ठिपका वर आणि बे-चा खाली, एवढाच फरक. ठिपकाच दिला नसेल तर तिथे नून, बे, पे, ते यांपैकी कोणतंही अक्षर असू शकतं. म्हणजे आधी स्वर गेले आणि मग व्यंजनांचीही ओळख पुसली; कागदावर उरला एक काफ, दोन दात आणि शेवटचा वळसा. जाणता वाचक अशा वेळी त्या शब्दाकडे टक लावून बसत नाही. तो रकान्याचं शीर्षक वाचतो, वरच्या-खालच्या दहा नोंदी पाहतो, त्याच कारकुनाने दुसऱ्या पानावर हाच शब्द ठिपके देऊन लिहिला आहे का ते शोधतो, आणि मग पेन्सिलीने समासात देवनागरीत लिहितो, क-ला पहिला उकार देऊन.